कपाटामागची जागा

आमच्या सरांनी कधी एक वाक्य सुखानं संपवलं नाही. कानाचं ऑपरेशन करून बाहेर यायचे, डोक्यावरची हिरवी टोपी काढायचे, बाकावर बसलेल्या नातेवाइकांकडे बघून म्हणायचे, "ऑपरेशन चांगलं झालं." बायका हात जोडायच्या. म्हातारी माणसं छताकडे बघून देवाचं नाव घ्यायची. सर एक श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "पण..."

हा 'पण' त्यांच्याजवळ चार भाषांत होता. मराठी माणसाला पण. अक्कलकोटकडच्या कानडी माणसाला 'आदरे'. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांना 'कानी'. विजापूर वेशीतून येणाऱ्या उर्दू बोलणाऱ्यांना 'मगर'. सर मूळचे दुधनीचे, घरात कानडी. बाकीच्या भाषा त्यांनी पेशंटांकडूनच उचललेल्या. भाषा बदलली तरी त्या शब्दाआधीचं थांबणं तेवढंच असायचं. त्या थांबण्यात बाकावरची माणसं कशी आक्रसून जात ते मी रोज बघत होते.

सोलापुरात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. 'पण-डॉक्टर' म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडायचा आणि वर विचारायचा, "दुसरीकडं दाखवलं न्हाय का कुटं? ते लई अभद्र बोलतात की." खरंच होतं ते. सकाळी कामाला निघताना सर समोरून आले, तर आमच्या गल्लीतली एक बाई परत घरात जाऊन पाणी पिऊन निघायची.

मी सरांकडे ऐकण्याची तपासणी करायला होते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी लपवत नाही, कुणी नाही विचारलं तरी सांगते. नान्ना म्हणजे आमचे वडील यंत्रमागावर खपले, ते गेल्यावर माझा थोरला भाऊ, अन्ना, त्याच मागावर उभा राहिला. अम्मा दारात बसून विड्या वळायची. त्या दारातून मी ऑडिओलॉजीची पदवी घेऊन बाहेर पडले. पहिल्या दिवशी पेढे घेऊन सरांकडे गेले. सरांनी पेढा तोंडात टाकला, "पदवी मिळाली, फार छान," म्हणाले. मी ओळखून होते काय येणार ते. "पण आता कान शिकायला लाग." मला असा राग आला म्हणता! मग एवढी वर्षं मी काय भुईमुगाच्या शेंगा फोडत होते?

शिकवण्याची त्यांची तऱ्हा विचित्र होती. मला त्यांनी तपासणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं केलं.

"आत यायचं नाही. तिथूनच सांग, काय दिसतं?"

"टेबल. खुर्ची. तुम्ही."

"कपाटामागं काय आहे?"

"दिसत नाही."

"वर माळ्यावर, खोक्यांच्या मागं?"

"तेही नाही दिसत."

"मग ही खोली स्वच्छ आहे असं शपथेवर सांगशील?"

मी नकारार्थी मान हलवली.

"हाच मधला कान," सर म्हणाले. "दार म्हणजे कानाचा पडदा. आपण सगळे कानाचे डॉक्टर उंबऱ्यावर उभं राहून आत बघतो. समोरचं दिसतं. आजार समोर बसत नाही."

मग त्यांनी ती वाटाण्याएवढी जागा मला खोलीसारखी फिरवून दाखवली. मध्ये तीन हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब. वर पोटमाळा, हातोडीचं डोकं त्यात लपलेलं. त्या माळ्यावरचा स्लॅब कागदासारखा पातळ, आणि स्लॅबच्या वर थेट मेंदू. फरशीखालून मानेची मोठी शीर वाहते. मागच्या भिंतीला हाडाचा एक उभा उंचवटा असतो, त्याच्या पोटातून चेहऱ्याची नस खाली उतरते. ओठ, गाल, पापणी, सगळं त्या एका वायरीवर. "आणि त्या उंचवट्याच्या मागं," सर म्हणाले, "एक खोबण आहे. कुणाची उथळ, कुणाची खोल. दारातून बघणाऱ्याला ती कधीच दिसत नाही."

ती खोबण सगळ्यांना कळावी म्हणून त्यांनी दवाखान्यातलं लोखंडी कपाट मुद्दाम भिंतीपासून तिरकं ओढून ठेवलं होतं. झाडणारी मावशी रोज करवादायची, "डॉक्टर, त्येच्या मागं केरसुणी जात न्हाय, हात जात न्हाय, काय मेलंबिलं तरी कळायचं न्हाय." सर म्हणायचे, "मावशी, हेच तर मी लोकांना सांगतोय."

तिथं काय वाढतं, तेही त्यांनीच दाखवलं. पडदा आत ओढला जातो आणि बाहेरची कातडी त्याच्याबरोबर आत शिरते. कातडीचा धर्म झडण्याचा. बाहेर झडली तर पडून जाते, आत झडली तर जाणार कुठं? थरावर थर साचतात, कांद्यासारखे. पांढरा, चकचकीत गोळा होतो. सर त्याला मोती म्हणायचे. एकदा सुईच्या टोकावर काढून त्यांनी तो मला दाखवला. दिसायला देखणा. तोच आजूबाजूचं हाड खात जातो. सावकाश, आवाज न करता.

"दुखतं का?" हे विचारणं ही त्यांची दुसरी सवय. पेशंट "हो" म्हणाला की सर मोकळे व्हायचे, गप्पा मारायचे, औषध लिहायचे. "नाही, अजिबात नाही, फक्त जरा वाहतो," असं कुणी म्हटलं की त्यांचा हात थांबायचा. मला म्हणायचे, "दुखणं म्हणजे दारातलं कुत्रं. भुंकतंय तोवर बरं. घरात कुणीतरी शिरलंय आणि कुत्रं गप्प आहे, तर समज, येणारा ओळखीचा झालाय." ऐकून शेजारी बसलेला पेशंट पार पांढरा पडायचा.

तिसरी सवय वासाची. कानातून काढलेला कापूस ते नाकाजवळ नेत. "नाक हे माझं पहिलं मशीन," म्हणायचे. "साधा पू वेगळा, कुजणारं हाड वेगळं. एकदा आलेला वास विसरता येत नाही." मीही विसरलेले नाही.

आता अन्नाचं सांगते, कारण सर मला कळले ते अन्नामुळे.

अन्नाचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नसे. वाहत्या कानात अम्मा लसणाचं कोमट तेल घालायची. मी सरांकडे लागल्यावर त्याला ओढत नेलं. पोटमाळ्यात मोती निघाला. सरांनी ऑपरेशन केलं, बाहेर आले, "चांगलं झालं," म्हणाले आणि थांबले. अम्मानं माझा हात घट्ट धरला.

"कानी," सर तेलुगूत म्हणाले, आणि पुढचं मराठीत सांगितलं. "कपाटामागची जागा मला नीट दिसली नाही. याची खोबण खोल आहे. आरशानं बघितलं, दुर्बीण घातली, तरी तळ दिसला नाही. वर्षानं पुन्हा उघडून बघायचं. तिथं काही राहिलं असलं, तर शेजारीच चेहऱ्याची नस आहे."

घरी येऊन अम्मा सुपातली तंबाखू फडाफडा पाखडत म्हणाली, "असला कसला डॉक्टर? शुभ बोल रे नाऱ्या, तर ह्याचं तोंड उघडलं की मसणातलं. पोराचं लगीन ठरवायचंय आमाला. चेहऱ्याचं नाव काढतोय मेला."

अन्नाचं लग्न हाच आमच्या घराचा ध्यास होता. मला शिकवायच्या नादात त्याचं वय पुढं सरकलं होतं. आता कुठं एक स्थळ आलेलं. मुलगी बीकॉम झालेली, शांत. अन्ना हसला की डाव्या गालाला खळी पडायची. मुलीला ती खळी आवडली, असा निरोप मधल्या माणसाकडून आला होता.

वर्ष झालं. अन्नाचा कान ठणठणीत कोरडा. "कोरडा हाय की, चेल्ली," तो मला म्हणायचा. चेल्ली म्हणजे धाकटी बहीण. "वाहत न्हाय, दुखत न्हाय, मग उगा कशाला कापाकापी?" अम्मा म्हणाली, "साखरपुडा झाल्याबिगर त्या दवाखान्याची पायरी चढायची न्हाय."

सर रोज सकाळी कोट अडकवता अडकवता विचारायचे, "अन्ना?" मी नाही म्हणून मान हलवायचे. एक दिवस म्हणाले, "बरं. येत नाही तर तू एक काम कर. सकाळी तो चूळ भरतो ना, तेव्हा समोर उभी राहा. डाव्या कोपऱ्यातून पाणी गळतंय का बघ. आणि तोंडावर पाणी मारताना डावा डोळा पुरता मिटतो का, तेही."

तेव्हापासून आमच्या मोरीसमोर मी रोज उभी. अन्ना वैतागायचा. "काय बे, मी काय जत्रेतलं अस्वल हाय का?" मुद्दाम गाल फुगवून माझ्या अंगावर पिचकारी मारायचा. मी हसायचे आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यावरून नजर काढायचे नाही. घरात अम्मा आलेल्या पाहुण्यांना चहा देत असायची, साड्यांच्या गोष्टी चालायच्या. मला त्या कशातच रस उरला नव्हता. ज्या चेहऱ्याकडे सगळे कौतुकानं बघत होते, त्याच्या आत, एका खोबणीत, काहीतरी थरावर थर चढवत असेल का, एवढंच माझ्या डोक्यात. कान कोरडा, दुखत नाही. सगळंच कसं छान चाललं होतं.

साखरपुडा जवळ आला तशी सरांनी एक दिवस दुपारची ओपीडी बंद केली. "चल," म्हणाले.

"कुठं?"

"अन्नाच्या कारखान्यात."

उन्हाळ्यातली दुपार. सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको. टॉवेलचा कारखाना, पत्र्याचं छप्पर, आत माग सुरू. तिथं माणूस माणसाशी बोलत नाही, हातवारे करतो. सर दारातच उभे राहिले आणि ओळीनं सगळ्यांच्या कानांकडे बघू लागले. मीही तेव्हाच नीट बघितलं. प्रत्येकाच्या कानात सुताचा बोळा. खडखडाट सोसवत नाही म्हणून मागावरचा माणूस खालचं पडकं सूत गोळा करतो, वळतो आणि कानात कोंबतो. नान्नाही तेच करायचे. पाळी संपली की बोळा काढायचा, कचऱ्याच्या ढिगात टाकायचा, दुसऱ्या दिवशी नवा. बोळ्याकडे कोण बघतो?

अन्नानं आम्हाला बघितलं आणि माग थांबवला. शेजारचा कामगार ओरडला, "आला की रे पण-डॉक्टर! अन्ना, कुणाचं काय झालं?" दोघं-तिघं हसले. एकानं मात्र मान फिरवली, पुन्हा बघितलं नाही.

सरांनी हात पुढं केला. "बोळा दे."

"आं?"

"डाव्या कानातला. काढ आणि दे."

अन्नानं बोळा काढून सरांच्या हातावर ठेवला. वरच्या बाजूनं पांढरा होता. सरांनी तो उलटा केला. आतलं टोक पिवळं, ओलं. सरांनी तो नाकाजवळ नेला. तिथं सुताला लावायच्या कांजीचा आंबूस वास भरलेला होता, रंगाचा होता, घामाचा होता. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचा चेहरा बघत होते. मला बोळा हुंगायची गरज पडली नाही.

"कोरडा हाय म्हणालो की मी," अन्ना पुटपुटला. "घरी एक थेंब येत न्हाय, सर. आईशप्पथ."

"खोटं नाही बोललास," सर म्हणाले. "कान वाहत होता, सूत पीत होतं. आणि घरी जाईपर्यंत बोळा कचऱ्यात." मग अन्नाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या आठवड्यात टेबलावर ये. साखरपुडा थांबेल. हे थांबणार नाही."

अन्ना हो म्हणाला. अम्मानं मात्र डोकं धरलं. मुलीकडच्यांना काय सांगायचं? साखरपुडा उरकून दुसऱ्या दिवशी जाऊ, असं ठरलं. मी भांडले, रडले. अम्मा म्हणाली, "एवढं वरीस गेलं, चार दिसानं काय आभाळ कोसळतंय?"

साखरपुड्याच्या सकाळी अन्ना नवा शर्ट घालायच्या आधी मोरीत गेला. मी समोर उभी राहिले. त्यानं तोंडात पाणी घेतलं, मला चिडवायला गाल फुगवले. उजवा फुगला, डावा फुगलाच नाही. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार निघाली आणि हनुवटीवरून बनियनवर आली. अन्नाला ते कळलंही नाही. तो हसत होता. हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला होतं.

"काय झालं?" तो म्हणाला. "अशी काय बघतीस?"

बाहेर अम्मा ताटात हळद-कुंकू काढत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि ताट तिच्या हातातून खाली गेलं.

सरांनी त्या दिवशी दुसरं कुठलं काम घेतलं नाही. आम्ही त्याच बाकावर बसलो. मुलीकडचे लोकही आले, कोपऱ्यात उभे राहिले. मुलगीही होती, सजलेली. दार उघडून सर आले, टोपी काढली. "मोती कपाटामागंच होता," म्हणाले. "उंचवट्याचं हाड त्यानं खाल्लंय, नस उघडी पडलीय. तुटलेली नाही. सगळं काढलंय." आणि ते थांबले.

त्या शब्दाला वर्षभर शिव्या देणारी माझी अम्मा उठून उभी राहिली. तिला राहवेना. तीच म्हणाली, "कानी?"

सर तिच्याकडे बघत राहिले. "कानी, अम्मा, चेहरा किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. आणि वर्षानं पुन्हा बघायचं."

"बघायचं," अम्मा म्हणाली.

हे सरांचं शेवटचं मोठं ऑपरेशन. पुढच्याच महिन्यात त्यांनी हत्यारं ठेवली. मी का म्हणून विचारलं, तर उजवा हात माझ्यासमोर धरला. मला काहीच दिसलं नाही. "थरथरतो," म्हणाले. "अजून फक्त मला कळतं. तुला दिसायच्या आत थांबलेलं बरं." स्वतःच्या बाबतीतही त्यांनी दिसत नसलेलीच जागा आधी बघितली.

अन्नाचा चेहरा महिन्यामहिन्यानं परत आला, उधारी वसूल व्हावी तसा. आधी पापणी, मग गाल. ओठाचा डावा कोपरा अजूनही हसण्यात मागं राहतो, आणि खळी परत आली नाही. मुलीनं लग्न मोडलं नाही. लग्नात फोटोवाला सारखा म्हणत होता, "नवरदेव, जरा उजवीकडून." सर आले होते, पांढरा शर्ट घालून. जोडीवर अक्षता टाकल्या, म्हणाले, "सुखानं नांदा. पण..." अम्माचा हात छातीवर. सर म्हणाले, "पण त्या डीजेपासून लांब उभे राहा." तेवढं एकदाच मी त्यांच्या 'पण'वर माणसांना हसताना बघितलं.

त्यानंतरच्या थंडीत सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. ज्यांनी त्यांना अभद्र म्हटलं होतं त्यातले पुष्कळ जण शेवटच्या दर्शनाला आले. मान फिरवलेला तो मागवालाही आला. कानात बोळा नव्हता त्याच्या.

दवाखाना आता नव्या डॉक्टरांनी घेतलाय. पुण्याला शिकलेले, हात हलका, स्वभाव हसरा. पेशंट वाढलेत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात खोली रंगवून घेतली आणि कपाट भिंतीला नीट टेकवलं. मावशी खूश.

वर्ष भरलं तसा अन्ना कुणी न सांगता आला. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये सरांनी कानाची वाट मोठी करून ठेवली होती, त्यामुळे दुर्बीण आत घालून टीव्हीच्या पडद्यावर बघता येतं. मी शेजारी उभी होते. खोली, माळा, फरशी, सगळं गुलाबी, स्वच्छ. दुर्बीण उंचवट्यापर्यंत गेली आणि तिथूनच मागं फिरली.

"एकदम क्लिअर!" डॉक्टर म्हणाले. "मस्त झालाय कान. काही काळजी नको."

अन्ना उठून बसला. शर्टाची बटणं लावली. हलला नाही.

"डॉक्टर, कुटला कोपरा दिसला न्हाय, ते सांगा की."

डॉक्टर हसले. "सगळं दिसलं की हो. जा, बिनधास्त जा."

आम्ही खाली आलो. जिन्याखाली पाण्याचं पिंप आहे. अन्नानं पेला भरला, तोंडात पाणी घेतलं, गाल फुगवले आणि माझ्याकडे वळला. मी ओठांचा डावा कोपरा बघितला. एक थेंब नाही. त्यानं पाणी गिळलं.

"सगळं दिसलं म्हणतो," अन्ना म्हणाला.

"दुखतं का?" मी विचारलं.

"अजिबात न्हाय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग पेला पिंपावर उपडा घातला आणि दोघं परत जिना चढायला लागलो.